बंद मोटारींचा आवाज

त्या दिवशी आम्ही घरातून निघालो ते पक्षी बघायला. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावात जी गोष्ट फिरली तिच्यात मी म्हणे सकाळीच पदर खोचून, भांडायचं ठरवूनच बाहेर पडले होते. पदर खोचायला मी साडी नेसलेच नव्हते. पंजाबी ड्रेस घातला होता, आणि गावाला खरा राग त्याचाच आला होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. आमचं गाव वडवणीच्या बाजूला, आणि गावापासून उताराउतारानं गेलं की धरण. सरकारी कागदावर त्याला मोठं नाव असेल, आम्ही नुसतं धरण म्हणायचो. मामांची जुनी जमीन त्या धरणाच्या पोटात गेली होती. सासूबाई सांगायच्या, जमीन बुडाली तेव्हापासून हा माणूस आठवड्याला एकदा सायकल काढून पाण्याकडे जातो. आधी आपलं रान कुठं होतं ते बघायला जायचे. मग तिथं उतरणारे पक्षी बघायला लागले. फौजेतून सुटीवर आलेल्या भाच्याकडून दुर्बीण मिळवली, पुण्याहून पक्ष्यांचं पुस्तक मागवलं. ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायची सोडून हा दुर्बिणीतून बघत बसतो म्हणून लोक हसायचे. मामांना त्याचं काही वाटायचं नाही.

मामांचं दुसरं वेड होतं सहकाराचं. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या एका जिवाभावाच्या दोस्तानं मिळून उपसा सिंचन संस्था काढली होती. धरणाचं पाणी मोटारींनी उचलायचं, पाइपातून वर आणायचं आणि सभासदांच्या रानात पाळीनं सोडायचं. दोघांनी सायकलवर डबलसीट हिंडून, लोकांच्या ओट्यावर झोपून सभासद जमवले होते. पुढे दोस्त वारला. आता त्याचा मुलगा संस्थेचा चेअरमन होता. लहानपणी मामांनी त्याला कडेवर घेऊन हिंडवलेलं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. त्याच्या आधीचंही. धरण तळाला जायला लागलं तसा वरून हुकूम आला, राहिलेलं पाणी फक्त पिण्यासाठी, उपसा बंद. त्या संध्याकाळी चेअरमन आमच्या घरी आला, मामांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, माझं लोक ऐकायचे न्हाईत. तुमी सांगितलं तर ऐकतील."

मामा सांगायला निघाले. परत सायकल, परत तेच सभासद, तेच ओटे. माणसं आधी, पिकं मागून, असं प्रत्येकाला समजावलं. पाइपलाइनीच्या शेवटच्या टोकाला मोसंबीच्या बागा होत्या. त्या लोकांचा जीव तुटत होता. पण मामांच्या तोंडाकडे बघून त्यांनी हो म्हटलं.

आमचीही बाग टोकालाच होती. माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेली. पहिला बहार तेव्हाच धरणार होता. मी भांडी विसळलेलं, कपडे धुतलेलं पाणी हंड्यांनी नेऊन झाडांच्या बुडाशी ओतत होते. पानं गुंडाळली, मग फांद्या वरून वाळत खाली आल्या. शेवटी माझ्या नवऱ्यानं कुऱ्हाड लावली. मामा बांधावर उभे होते. म्हणाले, "माणसं जगली पायजेत आधी." मला त्यांचा राग आला होता. आलेला राग बोलून दाखवायची पद्धत आमच्याकडे सुनेला नसते, म्हणून तो तसाच राहिला.

नवरा गुरं घेऊन चारा छावणीवर मुक्कामाला गेला. घर रिकामं झालं. रानात काम नाही. शिमगा होऊन गेला होता. एका सकाळी मी ओसरीत नुसती बसलेली बघून मामा म्हणाले, "पोरी, सायकल येती ना तुला? चल, तुला धरणावर सुरय पाखरांची पिल्लं दावतो."

सायकल मला येत होती. माझं माहेर घाटनांदूरचं. वडील वीज मंडळात लाइनमन. त्यांनी मला शाळेसाठी सायकल घेतली होती आणि लग्नात ती सायकलही माझ्यासोबत पाठवली होती. इथं आल्यावर ती गोठ्यात टांगली गेली, कारण इथं बायका सायकल चालवत नव्हत्या. मामांनी ती खाली काढली, हवा भरली, साखळीला तेल घातलं.

सासूबाई दारात आल्या. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे," मामा म्हणाले. "भाकरी बांधून दे."

लोक काय म्हणतील ते पारापाशीच कळलं. रिकामी बसलेली माणसं. त्यातला एक शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, मला ऐकू जाईल असंच, "सासरा अन् सून! कुठं निघाली बे ही सर्कस?"

बाकीचे हसले. समोर टँकर उभा होता आणि बायका एकमेकींच्या अंगावर चढून पाइपाला झोंबत होत्या. मी सायकल थांबवली आणि म्हणाले, "सर्कस तिकडं चाललीय. तुमच्याच घरच्या बाया हायेत. जा की, हंडे तरी उचला."

हसणं थांबलं. मामा पुढे गेले होते. मी त्यांना गाठलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लई जोरात बोललीस." पण मिशीत हसत होते.

गावाबाहेर माळ लागला. गवताची काडी नव्हती. एका वळणावर मामांनी हात वर करून मला थांबवलं. टँकर रोज त्याच रस्त्यानं जायचा आणि त्याचा नळ गळका होता. खड्ड्यात पाणी साचून डबकं झालं होतं, आणि त्या डबक्याभोवती काळविटांचा कळप. माद्या माना खाली घालून पीत होत्या. एकटा काळा नर बाजूला उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. एरवी माणसाचा वास आला तरी ही जनावरं उड्या मारत क्षितिजाला जातात. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो तरी ती हलली नाहीत.

"काळविटाला पाणी कमी लागतं म्हंतेत पुस्तकात," मामा हळू म्हणाले. "बघ."

आम्ही रस्ता सोडला आणि सायकली हातात धरून ढेकळांतून लांबचा वळसा घेतला, त्यांचं पाणी पिऊन होऊ दे म्हणून.

पुढे छावणी लागली. गुरांचे गोठे, शेणाचा आणि उसाच्या कुजलेल्या वाढ्यांचा वास. मागच्या बाजूला मेलेली जनावरं टाकत होते आणि त्यांच्यावर पोसलेली कुत्री तिथं माजली होती. नवरा दुरून दिसला. त्यानं मला सायकलवर बघितलं, आधी तोंड उघडं टाकलं, मग हात हलवला. त्याच्या शेजारच्यानं काहीतरी विचारलं तर तो म्हणाला, "बायको हाय माझी." मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या वाक्यानं.

धरणावर पोचलो तर पाणी कुठंच दिसेना. काठ जिथं असायचा तिथं भेगाळलेला गाळ. मामा पुढे आणि मी मागे, सायकली तशाच ढकलत, पाण्यापर्यंत गेलो. तिथं पत्र्याची एक होडी आणि तिचा मालक बसला होता. तो मच्छीमार सोसायटीचा सभासद, मामांच्या जुन्या ओळखीचा, आणि सतत वैतागलेला. मामा त्याला भेटले की तो आधी तक्रारी सांगायचा, मग होडी पाण्यात ढकलायचा.

"काय बघायचं ऱ्हायलंय आता, बाबा?" तो म्हणाला. "मासळी उताणी पडायलीय. पाणी तापतंय. अन् तुमचे पाखरं ऱ्हायलेली पण उचलतेत. चोर साले."

"चल रे," मामा म्हणाले. "सुनेला दावायचंय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पवता येतं का?"

"न्हाई."

"मग हलू नगा."

होडी निघाली. मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले होते. उथळ पाण्यात वल्हं गाळाला लागायचं आणि पाण्यातून काळे बुडबुडे वर यायचे. पण मध्यावर आल्यावर पाणी निळं झालं आणि वारा लागला. मामांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. एका चरीपाशी चित्रबलाक उभे होते, गुलाबी पिसांचे, गाळात चोच उघडी धरून. भगव्या रंगाच्या चक्रवाकांची जोडी आमच्या डोक्यावरून ओरडत गेली. "हे आता जातील," मामा म्हणाले, "हिमालयाच्या पल्याड. पोटात काय घालून जातील कुणास ठाऊक." मी एकेकाकडे बघत होते आणि मला वाटत होतं, इतकी वर्षं मी या पाण्यापासून एवढ्या जवळ राहिले आणि मला कुणी इथं आणलं नाही.

मग बेट आलं. बेट म्हणजे धरणात बुडालेल्या एका जुन्या गावाचा उंचवटा. पूर्वी तिथं मळणीची खळी होती. पाणी उतरलं की हा माळ वर यायचा आणि चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे सुरय तिथं अंडी घालायचे. नदीसुरय हा देखणा पक्षी. अंग राखाडी, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपूट मध्ये चिरलेलं. घरटं असं काही बांधत नाही. जमिनीत जरा खळगा करतो, संपलं. होडी जवळ गेली तसे ते उठले आणि आमच्या डोक्यावर किंचाळत झेपा घ्यायला लागले. एकानं होडीवाल्याच्या टोपीवर शिंतोडा टाकला. त्यानं एक सणसणीत शिवी दिली आणि मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले.

"उतरायचं न्हाई," मामा म्हणाले. "ते उडाले की अंडी उन्हात शिजतेत. मागं घे होडी."

थोडं मागे सरकून आम्ही थांबलो. पक्षी खाली बसले. दुर्बिणीतून मला आधी नुसती माती आणि खडे दिसले. मग एक खडा हलला. ते पिल्लू होतं. मातीच्याच रंगाचं, अंगावर ठिपके. आईनं चोचीत बोटाएवढा मासा आणला होता आणि पिल्लाला तो गिळता येत नव्हता. ते प्रयत्न करत होतं, टाकत होतं, परत उचलत होतं. अशी पिल्लं जागोजागी होती, एकदा नजर बसली की दिसत गेली. मामा माझ्याकडे बघत होते, बेटाकडे नाही. आपल्या घरची श्रीमंती पाहुण्याला दाखवावी तसा त्यांचा चेहरा होता.

मी दुर्बीण फिरवत पलीकडे नेली, आणि मला कुत्री दिसली. छावणीवरची. पलीकडच्या काठावर ओळीनं बसली होती, बेटाकडे तोंड करून. त्यांच्या आणि बेटाच्या मध्ये पाणी नव्हतं. ओल्या गाळाची एक पट्टी होती.

"मामा, हे बेट न्हाई राहिलं," मी म्हणाले.

त्यांनी दुर्बीण घेतली. बराच वेळ बघितलं. "असं कसं? अजून महिनाभर पाणी राहायला पायजे इथं. उन्हानं एवढं उतरत न्हाई."

"उन्हानं कुठं?" होडीवाला म्हणाला. "परवा हितं माझ्या कमरेला पाणी होतं. मोटारी चालू हायेत की रात्रंदिवस."

"मोटारी बंद हायेत," मामा म्हणाले. "मी सवता लोकांना सांगून आलोय."

होडीवाल्यानं वल्हं आडवं ठेवलं. "ऐका मग."

आम्ही गप्प बसलो. सुरयांचा कलकलाट जरा थांबला तेव्हा तो आवाज आला. वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारा, सलग, जाड आवाज. लाइनमनच्या घरात वाढलेल्या मुलीला तो ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही. एक मोटार नव्हती, सगळ्या चालू होत्या.

होडीवाल्याला मीच सांगितलं, "तिकडं घ्या."

संस्थेचं पंपघर काठावर उंच बांधलेलं होतं. भिंतीवर संस्थेचं नाव, खाली संस्थापक म्हणून मामांचं आणि त्यांच्या दोस्ताचं. आतून मोटारींची धडधड पायाखालच्या जमिनीत जाणवत होती. आम्ही चढून वर गेलो आणि पंपघराच्या मागे मला दिसलं ते आधी खरंच वाटेना. साऱ्या करपलेल्या शिवारात एक हिरवा पट्टा. ऊस. डोक्याएवढा, गडद, पाणी पिऊन टरारलेला. तो चेअरमनचा आणि त्याच्या चुलतभावांचा होता. सरीतून पाणी वाहत होतं. नुसतं वाहत होतं, शेवटी बांध फोडून ओढ्यात चाललं होतं, कारण दारं धरायला, पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला माणूससुद्धा ठेवला नव्हता.

माझ्या डोळ्यांसमोर मी हंड्यातून ओतलेलं खरकटं पाणी आलं.

मोटारीवरचा माणूस आम्हाला बघून घाबरला आणि त्यानं कुठंतरी निरोप पाठवला असावा, कारण थोड्याच वेळात चेअरमनची जीप आली. तो उतरला, सरळ मामांकडे गेला आणि वाकून पायाला हात लावला. त्या माणसाची ही सवय मला आजही आठवली तरी संताप येतो. काहीही करायचं आणि आधी पाया पडायचं.

"काका, उन्हाचं कावून आलात? निरोप द्यायचा, जीप पाठवली असती."

"मोटारी कशाला चालू हायेत?" मामांनी विचारलं. आवाज अगदी साधा. त्यांना अजून काहीतरी वेगळं उत्तर मिळेल अशी आशा होती.

"ट्रायल घ्यायलो, काका. बंद ठेवल्या की गंजतेत. तुमाला तर ठाऊकच हाय."

मी म्हणाले, "अन् ऊस? ऊसबी ट्रायललाच लावलाय का, भाऊजी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. ड्रेसकडे, चिखलानं भरलेल्या पायांकडे. मग परत मामांकडे वळून हसला. "वयनी शिकलेल्या हायेत. काका, बियाण्याचा प्लॉट हाय तो. जगवायला लागतोय. पुढच्या साली हेच बियाणं सभासदांना वाटणार. संस्थेच्याच भल्याचं हाय."

मामा पाइपावर बसले. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्यांनी उसाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू म्हणलास म्हणून मी दारोदार गेलतो. लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून बागा वाळवल्या."

"तुमचे उपकार हायेत, काका."

उपकार! मी त्या शब्दानं पेटले. पुढचं मी ठरवून केलं असं नाही, पण भान सुटून केलं असंही नाही. मी पंपघरात गेले. मोटारीवरचा माणूस आडवा आला, त्याला म्हणाले, "बाजूला व्हा, मला शॉक बसला तर नाव तुमचं येईल," आणि तो झाला बाजूला. वडिलांनी शिकवलं होतं तसं आधी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मोटारी एकेक करून कण्हत थांबल्या. मग पेटी उघडली आणि चिनी मातीच्या फ्यूज एकामागून एक ओढून काढल्या. गरम होत्या, बोटं भाजली. ओढणीत गोळा केल्या, बाहेर आले, काठाशी गेले आणि सगळ्या धरणात फेकल्या. जेवढ्या लांब जातील तेवढ्या.

एकदम शांत झालं. लांबून सुरयांचा आवाज यायला लागला.

"वयनी!" चेअरमन ओरडला. हसू गेलं होतं. "संस्थेची मालमत्ता हाय ती! पोलिसात देईन!"

"द्या! संस्था कुणाची?"

"सभासदांची!"

"मग बोलवा सभासदांना. हितं आणून उभं करा अन् ऊस दावा. मी सांगते त्यांना फ्यूजा कुठं टाकल्या ते."

तो मामांकडे वळला. "काका, घरातल्या बायामाणसांना आवरा. हे बरं दिसत न्हाई." आणि परत वाकला. परत पाय!

मामांनी पाय मागे ओढून घेतले. "पाय सोड," ते म्हणाले. "तुझा बाप असता तर तिच्या आधी त्यानं काढल्या असत्या. अन् तिला बोलायचं न्हाई. मला बोल."

चेअरमन वळला. जीपमध्ये बसला आणि धूळ उडवत गेला. आम्ही होडीकडे उतरलो. होडीवाला सगळं बघत बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पवता येत न्हाई म्हणं," आणि वल्हं हातात घेतलं.

वाटेत मामा म्हणाले, "बोल. काय बोलायचं ते बोलून घे."

मी बोलले. इतक्या दिवसांचं सगळं. "तुमी लोकांना इचारायच्या आधी मोटारीवर जाऊन बघायचं होतं. कडेवर खेळवलं म्हणून इश्वास ठेवला. आपली झाडं गेली. टोकाच्या सगळ्यांची गेली. अन् माणसं जगावी म्हणून न्हाई गेली, मामा, उसाला पाणी पायजे म्हणून गेली." सासऱ्याशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. होडीवाला तिसरीकडेच बघत होता. मामांनी एकही शब्द खोडला नाही. काठ जवळ आल्यावर म्हणाले, "उद्यापासून परत निघतो. ज्या दारात गेलतो, त्या दारात जाऊन सांगतो."

मग आम्ही बेटाच्या पलीकडे गेलो. कुत्र्यांना दगड मारून हुसकलं, पण ती लांब जाऊन परत बसली. काठावर वेडी बाभूळ माजलेली होती. होडीवाल्याकडे कुऱ्हाड होती. "चोरांसाठी राबायलोय," असं बडबडत तो फांद्या तोडत राहिला, मामा त्या ओढत आणत, आणि मी गुडघाभर गाळात उभी राहून त्या एकात एक अडकवत कुपाटी घालत होते. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काट्यांचं कुंपण. काटे हातात मोडले. ऊन उतरलं तेव्हा कुपाटी पुरी झाली. मग काठावर बसून तिघांनी भाकरी खाल्ली. घरी गेल्यावर सासूबाईंनी माझे हात बघितले आणि सुई घेऊन काटे काढत बसल्या. चेअरमनचा निरोप आमच्या आधी घरी पोचला होता. काटे काढता काढता त्या म्हणाल्या, "समद्या काढल्यास का एखादी ऱ्हायली?"

"समद्या."

"बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी नव्या फ्यूज बसवून मोटारी चालू झाल्या. मी हे आधीच ओळखलं होतं, तरी ऐकून जेवण गेलं नाही. मामा सायकल घेऊन निघाले होते. त्यांनी खास सभा मागितली. चेअरमननं ती लगेच बोलावली, आणि सभेचा पहिला विषय ठेवला संस्थापकांचा सत्कार. शाल, श्रीफळ, हार. मामांना बोलायला उभं करायच्या आधी शाल पांघरायची, म्हणजे शाल अंगावर घेतलेला माणूस शिव्या कशा देणार, हा हिशोब. मी बायकांच्या बाजूला उभी राहून बघत होते आणि दात आवळून धरले होते. मामांनी शाल घेतली, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी तुमाला खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, पर सांगितलं मीच. उद्या सकाळी मी मोटारीवर जाऊन बसणार हाय. यायचं त्यांनी या."

सकाळी टोकाचे लोक आले. रिकाम्या हातांनी नाही आले. बैलगाड्या नव्हत्या, बैल छावणीवर होते, तर माणसांनी खांद्यावर आणि सायकलींवर आपापल्या बागेतली मोसंबीची वाळकी खोडं आणली आणि पंपघराच्या दारात टाकली. दार दिसेनासं झालं. आमचीही खोडं त्यात होती, मी आणि छावणीवरून आलेल्या नवऱ्यानं आणली होती. पोलीस आले, मग तहसीलचे लोक आले. इतके दिवस ज्यांना मोटारींचा आवाज ऐकू आला नव्हता त्यांना एकदम ऐकू आला. स्टार्टरना सील लागलं, आणि पाऊस पडेपर्यंत ते राहिलं.

म्हणून आम्ही जिंकलो असं कुणी म्हटलं की मी भांडते. गेलेलं पाणी परत आलं नाही. आमची बाग परत आली नाही. कुपाटी काही दिवस टिकली, मग गाळ वाळून टणक झाला आणि कुत्री लांबून वळसा घालून बेटावर शिरली. जी पिल्लं तोवर उडायला शिकली होती ती वाचली. बाकीची नाही. होडीवाल्यानं येऊन सांगितलं तेव्हा तो त्यांना चोर म्हणाला नाही. मामा आणि मी बघायला गेलो नाही.

आणि चेअरमन? पुढच्या निवडणुकीत तो बिनविरोध आला. ज्यांनी खोडं आणून टाकली होती त्यांच्यातल्याच दोघांनी त्याच्या अर्जावर सह्या केल्या. एकाच्या पोराला संस्थेत चिकटवलं होतं, दुसऱ्याला नव्या पाइपलाइनीचं आश्वासन होतं. मी त्यातल्या एकाला बाजारात गाठून विचारलं, "कावून केलं असं?" तो म्हणाला, "वयनी, पाणी त्याच्याच हातात हाय ना."

पाऊस होऊन धरण भरल्यावर चेअरमन एकदा घरी आला. संस्थेची नवी इमारत झाली होती, तिच्या हॉलमध्ये लावायला संस्थापकांचा फोटो पाहिजे होता. मामा ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. तो पायाकडे वाकायला लागला तसे मामांनी दोन्ही पाय वर उचलून बाजेवर मांडी घातली.

"फोटो मेल्यावर लावतेत," ते म्हणाले. "मी हाय अजून. अन् मोटारी बघायला मी अन् सून दर आठवड्याला येणार हावोत. कुलूप लावून ठेवू नको."

मी आतून दोन्ही सायकली बाहेर काढल्या आणि त्याच्या जीपच्या पुढे उभ्या केल्या. जीप मागे घ्यायला त्याला बराच त्रास झाला.